उपाहारगृह बंद करताना : शटर ओढण्यापूर्वीचे हिशेब

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे गाव बंजारा समाजाची काशी म्हणून ओळखले जाते. संत सेवालाल महाराजांची समाधी आणि जगदंबा देवीचे मंदिर येथे असल्याने रामनवमीच्या यात्रेला महाराष्ट्राबरोबरच तेलंगण, आंध्र प्रदेश आणि कर्नाटकातूनही भाविक येतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते येथील बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. जेथे भाविक येतात, तेथे चहाची टपरी येते, खानावळ येते आणि कालांतराने पाटी लावलेले हॉटेलही उभे राहते.

तीर्थक्षेत्रातील उपाहारगृहाचे अर्थकारण मात्र शहरी हॉटेलाहून वेगळे असते. वर्षाची बरीचशी कमाई यात्रेच्या मोजक्या दिवसांत होते आणि उरलेले महिने तिच्यावर निभावून न्यावे लागतात. २०२० मधील रामनवमी २ एप्रिल रोजी, म्हणजे ऐन टाळेबंदीत आली. २०२१ मधील रामनवमी २१ एप्रिल रोजी, करोनाच्या दुसऱ्या लाटेतील कडक निर्बंधांत गेली. लागोपाठ दोन यात्रा हुकल्या, की अशा व्यवसायाचे संपूर्ण गणित कोलमडते. राज्यभरातील असंख्य उपाहारगृहांना त्या दोन वर्षांत हाच अनुभव आला. मार्च २०२० मध्ये बंद झालेली हॉटेले ५ ऑक्टोबर २०२० पासून निम्म्या आसनक्षमतेने उघडण्यास परवानगी मिळाली. पण काहींचे शटर पुन्हा उघडलेच नाही.

उपाहारगृह सुरू कसे करावे, याविषयी मार्गदर्शन भरपूर उपलब्ध असते. ते बंद कसे करावे, हे सहसा कोणी सांगत नाही. परिणामी, एके दिवशी शटर ओढले की व्यवसाय संपला, असा समज रूढ झाला आहे. कायद्याच्या दृष्टीने तसे होत नाही. परवाने, कर नोंदण्या, वीजजोडणी, भाडेकरार आणि कामगारांची देणी ही प्रत्येक बाब स्वतंत्रपणे व लेखी संपवावी लागते. जी संपवली जात नाही, ती मालकाच्या नावावर वाढत राहते आणि कधी कधी त्याच्या पश्चात वारसांच्या दारात उभी राहते.

विकणे, चालवायला देणे की बंद करणे?

व्यवसायातून बाहेर पडण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, चालू स्थितीतील हॉटेल दुसऱ्यास विकणे. यात भांडी, भट्टी, फर्निचर यांच्या किमतीखेरीज नावलौकिकाचेही मोल मिळू शकते. संपूर्ण व्यवसाय चालू स्थितीत हस्तांतरित होत असेल, तर त्या हस्तांतरणाच्या सेवेला वस्तू व सेवा कराची (जीएसटी) माफी आहे. अर्थात, व्यवहार कागदावर तसाच दिसला पाहिजे. करारात मालमत्तेबरोबर कोणती देणी नवा मालक स्वीकारतो आणि कोणती जुन्याकडे राहतात, याची यादी असणे अत्यावश्यक आहे.

दुसरा मार्ग ग्रामीण भागात आणि तीर्थक्षेत्री विशेष रूढ आहे, तो म्हणजे हॉटेल दुसऱ्याला ‘चालवायला देणे’. महिन्याला ठरावीक रक्कम घ्यायची आणि बाकी सारे चालवणाऱ्याकडे सोपवायचे, अशी ही पद्धत. बहुतेकदा ती तोंडी असते आणि सर्वाधिक धोका याच पद्धतीत आहे. अन्न परवाना, वीजमीटर, गॅसजोडणी आणि जीएसटी क्रमांक जुन्या मालकाच्या नावावर. स्वयंपाकघर मात्र दुसऱ्याच्या हाती. यात्रेच्या गर्दीत कोणाला विषबाधा झाली, गॅस टाकीचा अपघात झाला किंवा कर थकला, तर पहिली नोटीस कागदावर नाव असलेल्या माणसाला येते. चालवायला द्यायचेच असेल, तर लेखी करार करावा, चालवणाऱ्याने स्वतःच्या नावाने परवाना व नोंदणी घ्यावी आणि त्याच दिवशी जुन्या मालकाने आपले परवाने परत करावेत.

तिसरा मार्ग व्यवसाय कायमचा बंद करण्याचा. पुढील विवेचन प्रामुख्याने त्याविषयी आहे.

बंद करण्याची वेळ

व्यवसाय बुडत असताना बहुतेक मालक शेवटचा रुपया संपेपर्यंत वाट पाहतात. ‘पुढच्या यात्रेत निघेल’ ही आशा स्वाभाविक आहे. परंतु बंद करण्यासाठीही पैसे लागतात, हे त्या आशेत विसरले जाते. कामगारांचे पगार, किराणा दुकानदाराची उधारी, अखेरचे वीजबिल, लेखापालाचे शुल्क हे सारे गल्ला रिकामा असताना भागवता येत नाही. गल्ल्यात काही शिल्लक असताना घेतलेला निर्णय सन्मानाने अमलात आणता येतो.

पोहरादेवीसारख्या ठिकाणी पंचांगच याची सोय करून देते. रामनवमी मार्चअखेर ते एप्रिलच्या उत्तरार्धात येते. २०२३ मध्ये ती ३० मार्चला, २०२४ मध्ये १७ एप्रिलला, तर २०२५ मध्ये ६ एप्रिलला होती. आर्थिक वर्षही ३१ मार्च रोजी संपते आणि मद्यविक्रीच्या परवान्यांचे वर्षही त्याच दिवशी पूर्ण होते. म्हणजेच यात्रेची रोख हाती असताना आणि वर्षाचे हिशेब मांडले जात असतानाच बंद करण्याचा निर्णय घेणे येथे सर्वांत सोयीचे ठरते. यात्रा १ एप्रिलनंतर असेल, तर तिचे उत्पन्न नव्या आर्थिक वर्षात मोडते आणि त्या वर्षाचेही प्राप्तिकर विवरणपत्र भरावे लागते, एवढे ध्यानात ठेवावे.

निर्णय झाला, की सर्वप्रथम दोन याद्या कराव्यात. एकीत आपण कोणाला किती देणे लागतो ते, दुसरीत आपले कोणाकडे किती येणे आहे ते. वीज, गॅस आणि जागेच्या अनामत रकमा दुसऱ्या यादीत येतात. अनेक मालकांना त्यांचा विसर पडलेला असतो.

कामगारांची देणी सर्वप्रथम

आचारी, वाढपी, भांडी घासणाऱ्या स्त्रिया, चहा पोहोचवणारी मुले या साऱ्यांची चूल त्या एका भट्टीवर अवलंबून असते. मालकाला निर्णय कित्येक महिने आधी सुचलेला असतो. कामगाराला मात्र तो अनेकदा कुलूप पाहूनच कळतो. किमान महिनाभर आधी सांगितले, तर त्याला दुसरीकडे काम शोधता येते. लग्नसराई किंवा जवळच्या यात्रेचा हंगाम असेल, तर कुशल आचाऱ्याला काम मिळणे अवघड नसते. ऐन पावसाळ्यात काम सुटले, तर तेच कठीण होते.

देशातील चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांतील वेतन संहितेनुसार आस्थापना बंद झाल्यामुळे काम गेलेल्या कामगाराचे थकीत वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत देणे बंधनकारक आहे. ‘माल विकला की देतो’ हे उत्तर कायद्याला मान्य नाही.

दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत सलग पाच वर्षे काम केलेल्यास उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी मिळते. ठरावीक मुदतीच्या करारावरील कामगारास नव्या संहितेनुसार एक वर्षाच्या सेवेनंतरही ती लागू होते. हिशेब सोपा आहे. मासिक वेतनाला २६ ने भागायचे, १५ ने गुणायचे आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचे. समजा, एखाद्या आचाऱ्याचे वेतन १५,००० रुपये आणि सेवा ७ वर्षे असेल, तर ही रक्कम सुमारे ६०,५७७ रुपये होते. ती ३० दिवसांत द्यावी लागते.

याशिवाय, औद्योगिक संबंध संहितेनुसार किमान एक वर्ष सलग काम केलेल्या कामगारास व्यवसाय बंद झाल्यास प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई देय असते. मालकाच्या आवाक्याबाहेरील अपरिहार्य कारणाने व्यवसाय बंद झाला, तर तिच्यावर तीन महिन्यांच्या सरासरी वेतनाची मर्यादा येते. परंतु तोटा, आर्थिक अडचण किंवा भाडेकराराची मुदत संपणे ही अपरिहार्य कारणे मानली जात नाहीत. हॉटेले याच कारणांनी बंद होत असल्याने ही तरतूद मालकांनी मुद्दाम लक्षात घ्यावी. शासनाला ६० दिवसांची पूर्वसूचना देण्याच्या अटीतून ५० पेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनांना सूट आहे. ही सूट केवळ सूचनेपुरती आहे, भरपाईपुरती नाही.

भविष्य निर्वाह निधी व कर्मचारी राज्य विमा लागू असल्यास अखेरच्या महिन्याचा हप्ता भरून प्रत्येक कामगाराची नोकरी संपल्याची तारीख नोंदवावी. ती नोंद राहिली, तर कामगाराला स्वतःचे पैसे काढताना अडथळा येतो. प्रत्येकास अनुभवाचे प्रमाणपत्र द्यावे आणि दिलेल्या रकमेची सही किंवा बँकेची नोंद ठेवावी. मालकाच्या आणि कामगाराच्या, अशा दोघांच्याही हिताची ही गोष्ट आहे.

उधारी, आगाऊ रकमा आणि कर्ज

दूध, भाजी, किराणा, सरपण यांचा गावातील व्यवहार अजूनही बऱ्याच अंशी वहीवर आणि विश्वासावर चालतो. वहीतील उधारीला पावती नसली, तरी गावाच्या स्मरणात ती पक्की असते. सर्वांचे एकदम देणे शक्य नसेल, तर लहान पुरवठादारांपासून सुरुवात करावी. दूधवाल्याची १० हजारांची उधारी त्याच्या घराला जितकी जाणवते, तितकी घाऊक व्यापाऱ्याला जाणवत नाही. हप्ते ठरल्यास ते कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. उधारीपोटी पूर्वी दिलेले धनादेश आठवणीने परत घ्यावेत. खाते बंद झाल्यावर तो धनादेश वटवण्यास टाकला गेला, तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली फौजदारी खटला उभा राहू शकतो.

लग्न, बारसे, तेराव्याचे जेवण यांसाठी घेतलेल्या आगाऊ रकमा ग्राहकांना परत कराव्यात. समारंभाच्या आदल्या आठवड्यात हॉटेल बंद असल्याचे कळणे, हा ग्राहकावर अन्याय आहे आणि तो ग्राहक आयोगापर्यंत जाऊ शकतो.

बँकेचे कर्ज असल्यास बंद करण्यापूर्वी शाखेत जाऊन बोलणे शहाणपणाचे ठरते. ज्या यंत्रसामग्रीवर बँकेचा बोजा आहे, ती बँकेच्या लेखी संमतीविना विकता येत नाही. मुद्रा योजनेतील कर्जाला तारण नसते. पण ते माफ असते असा याचा अर्थ नव्हे. हप्ते थकल्यास पतनोंद बिघडते आणि पुढे शेतीसाठी किंवा मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज मागताना ती आड येते. एकरकमी तडजोडीचा पर्याय बँका विचारात घेतात. कर्ज फिटल्यावर ‘येणे बाकी नाही’ असा दाखला घेतल्याखेरीज प्रकरण संपले, असे समजू नये. देणी भागवण्यासाठी खासगी सावकाराकडे जाण्याचा मोह अनेकांना होतो. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याविना सावकारी हा गुन्हा आहे. बंद होणाऱ्या धंद्याचे देणे चढ्या व्याजाच्या नव्या कर्जातून फेडणे म्हणजे खड्डा बुजवण्यासाठी दुसरा खड्डा खणणे होय.

परवाने व नोंदण्या

*अन्न परवाना :* अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ नुसार लहान व्यावसायिकाला नोंदणी, तर मोठ्याला परवाना घ्यावा लागतो. दोन्ही ‘फॉसकॉस’ या संकेतस्थळावरून परत करता येतात. दंड किंवा सुधारणा नोटीस प्रलंबित असेल, तर ते प्रकरण आधी मिटवावे. परवाना परत केल्याची नोंद जपून ठेवावी. त्या जागेत पुढे दुसऱ्याने काही शिजवून विकले, तर आपला संबंध नव्हता हे दाखवणारा तोच पुरावा असतो.

*जीएसटी :* व्यवसाय बंद झाल्यापासून ३० दिवसांत नोंदणी रद्द करण्यासाठी ‘आरईजी-१६’ अर्ज करावा लागतो. तोपर्यंतची सर्व विवरणपत्रे भरलेली असावीत. विक्री शून्य असली, तरी नोंदणी जिवंत असेपर्यंत विवरणपत्र भरावेच लागते आणि न भरल्यास विलंब शुल्क वाढत जाते. बंद शटरमागे देणे वाढत राहण्याचे हे सर्वांत सामान्य कारण आहे. नियमित करदात्याला नोंदणी रद्द झाल्यावर तीन महिन्यांत ‘जीएसटीआर-१०’ हे अंतिम विवरणपत्र भरावे लागते. तीन महिने नोंदणी रद्द झाल्याची तारीख किंवा तसा आदेश निघाल्याची तारीख, यांपैकी जी नंतरची असेल तीपासून मोजतात. आपसमेळ, म्हणजे कंपोझिशन योजनेतील करदात्याला ते लागू नाही. त्याला आपले वार्षिक विवरणपत्र मात्र पूर्ण करावे लागते. १५ नोव्हेंबर २०१७ पासून बहुतेक उपाहारगृहांना ५ टक्के दराने, पण खरेदीवरील कराची वजावट न घेता कर भरावा लागतो. त्यामुळे उरलेल्या साठ्यावरील वजावट परत करण्याचा प्रश्न त्यांना सहसा येत नाही. जुनी यंत्रे व फर्निचर विकताना मात्र कर लागू होतो काय, हे लेखापालास विचारून ती विक्री नोंदणी रद्द होण्यापूर्वीच आटोपावी.

*दुकाने व आस्थापना :* महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ हा १९ डिसेंबर २०१७ पासून लागू आहे. आस्थापना बंद केल्यावर ३० दिवसांत त्याची सूचना कामगार कार्यालयाच्या सुविधाकारास द्यावी लागते.

*व्यवसाय कर :* मालकाच्या नावावरील नोंदणीपोटी दरवर्षी २,५०० रुपये भरावे लागतात. ही रक्कम लहान वाटल्याने नोंदणी रद्द करणे राहून जाते आणि काही वर्षांनी व्याज व दंडासह थकबाकीची नोटीस येते. कामगारांच्या वेतनातून कापलेल्या व्यवसाय कराची नोंदणी वेगळी असते. तीही रद्द करावी.

*मद्य परवाना :* परमिट रूम असल्यास परवाना राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे परत करावा लागतो. शिल्लक मद्यसाठ्याची विल्हेवाट त्या विभागाच्या परवानगीनेच लावता येते. परवाना संपल्यावर तोच साठा घरी ठेवणे गुन्हा ठरू शकते.

*इतर :* ‘उद्यम’ नोंदणी, कर कपातीसाठी घेतलेला ‘टॅन’ क्रमांक, घरपोच खाद्यसेवा देणाऱ्या कंपन्यांबरोबरचे करार हेही संपवावेत. अशा कंपन्यांकडून येणे बाकी असलेली रक्कम वळती झाल्यानंतरच चालू खाते बंद करावे. त्या वर्षी तोटा झाला असला, तरी प्राप्तिकर विवरणपत्र मुदतीत भरावे. मुदतीत भरले असेल, तरच धंद्यातील तोटा पुढील आठ वर्षांपर्यंत ओढता येतो आणि दुसऱ्या व्यवसायातील नफ्यातून वजा करता येतो.

जागा, वीज आणि गॅस

उपाहारगृहाचे भवितव्य पुष्कळदा पदार्थांच्या चवीपेक्षा जागेच्या हक्कावर ठरते. मुंबईच्या जहांगीर कलादालनातील ‘समोवार’ हे त्याचे ठळक उदाहरण. उषा खन्ना यांनी १९६४ मध्ये सुरू केलेले हे छोटेखानी उपाहारगृह चित्रकार, नाटककार आणि पत्रकारांचे हक्काचे ठिकाण बनले होते. जागा मात्र कलादालनाची होती आणि ती सोडावी लागल्याने मार्च २०१५ अखेर ‘समोवार’ बंद झाले. बंद होण्याचा दिवस आधी जाहीर झाल्याने जुन्या ग्राहकांना निरोप घेता आला. पन्नास वर्षांची लोकप्रियता जागेचा हक्क देऊ शकत नाही, हे यातून दिसले. त्याचबरोबर बंद होणेही शोभेल अशा रीतीने होऊ शकते, हेही दिसले.

याच्या उलट उदाहरण झुणका-भाकर केंद्रांचे. युती सरकारने १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना आणली आणि त्यासाठी ठिकठिकाणी मोक्याच्या जागा दिल्या गेल्या. २००० मध्ये पुढच्या सरकारने योजना गुंडाळली. योजना संपली, पण अनेक ठिकाणी केंद्रांचे गाळे राहिले. तेथे इतर खाद्यपदार्थ विकले जाऊ लागले आणि जागेचे वाद न्यायालयात गेले. प्रारंभीच्या करारात शेवट स्पष्ट लिहिलेला नसेल, तर व्यवसाय संपल्यानंतरही वाद उरतो, हा त्यातील धडा आहे.

म्हणून जागा भाड्याची असल्यास करारातील सूचनेचा कालावधी पाहून मालकास लेखी पत्र द्यावे. जागा रिकामी करताना भिंती, नळ, मोरी यांची छायाचित्रे काढावीत आणि किल्ली देताना ताबा पावती घ्यावी. अनामत रक्कम परत मिळण्याची तारीख त्याच कागदावर लिहून घ्यावी. ग्रामपंचायतीचा गाळा असल्यास कर व पाणीपट्टी भरून ना-हरकत दाखला घ्यावा. तीर्थक्षेत्र विकास किंवा रस्त्याच्या कामासाठी जागा संपादित झाल्यामुळे व्यवसाय बंद करावा लागत असेल, तर भूमिका बदलते. २०१३ च्या भूमिसंपादन कायद्यानुसार भरपाई ठरवताना व्यवसायाची जागा बदलावी लागल्याचा वाजवी खर्चही विचारात घेतला जातो. अशा वेळी परवाने, वीजबिले व कर विवरणपत्रे हाच व्यवसाय अस्तित्वात असल्याचा पुरावा ठरतो. त्यामुळे भरपाई मिळण्याआधी घाईने कागद फेकून देऊ नयेत.

महावितरणची जोडणी केवळ मेन स्विच बंद केल्याने संपत नाही. वापर शून्य असला, तरी स्थिर आकार लागू राहतो. जोडणी कायमस्वरूपी खंडित करण्याचा अर्ज करावा, अखेरचे मीटर वाचन आपल्यासमोर करून घ्यावे आणि सुरक्षा ठेव परत मागावी. व्यावसायिक गॅसच्या १९ किलोच्या टाक्या व रेग्युलेटर वितरकाकडे जमा करून त्यांची अनामत घ्यावी. भरलेल्या टाक्या ओळखीच्या माणसाला देऊन टाकणे बेकायदा तर आहेच, शिवाय धोक्याचेही आहे.

साठा आणि सामग्री

शेवटच्या पंधरवड्यात खरेदी हळूहळू कमी करत न्यावी. पदार्थांची यादी आटोपशीर केली, की साठा आपोआप उतरतो. मुदतीतील कोरडा शिधा गावातील भंडारा, आश्रमशाळा किंवा कामगारांच्या घरी द्यावा. मुदत उलटलेला माल स्वस्तात विकू नये. शेवटच्या दिवशी विकलेल्या अन्नाची जबाबदारीही पहिल्या दिवशीइतकीच असते. वारंवार तळलेले तेल गटारात ओतू नये. ते गोळा करून जैवइंधनासाठी देण्याची व्यवस्था अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून सुरू केली आहे. भट्टी, शीतकपाट, पितळी व स्टीलची भांडी एकत्रित भंगारात काढण्यापेक्षा सुटी विकल्यास चांगली किंमत येते. यात्रेपूर्वी नवे दुकान थाटणारे हे त्यांचे स्वाभाविक गिऱ्हाईक होत.

भागीदारी आणि कंपनी

भावाभावांत किंवा मित्रांत चालवलेली हॉटेले अनेकदा तोंडी बोलणीवर मोडतात आणि तेथून वैर सुरू होते. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ मध्ये हिशेबाचा क्रम स्पष्ट आहे. मालमत्तेतून प्रथम बाहेरच्यांची देणी, मग भागीदारांनी भांडवलाखेरीज दिलेली उसनवारी, त्यानंतर भांडवल आणि उरल्यास नफ्याच्या प्रमाणात वाटप. याहून महत्त्वाची तरतूद कलम ४५ मध्ये आहे. भागीदारी संपल्याची जाहीर सूचना दिली जात नाही, तोवर एका भागीदाराने फर्मच्या नावाने केलेल्या व्यवहाराला इतर भागीदारही बाहेरच्यांप्रति जबाबदार राहतात. नोंदणीकृत फर्मच्या बाबतीत ही सूचना निबंधकाला द्यावी लागते, तसेच शासकीय राजपत्रात आणि जिल्ह्यात खप असलेल्या किमान एका स्थानिक भाषेतील वृत्तपत्रात प्रसिद्ध करावी लागते. वृत्तपत्रांच्या आतील पानांवर दिसणाऱ्या त्या छोट्या जाहिरातींचे प्रयोजन हेच. खासगी कंपनी असेल, तर देणी भागवून ‘एसटीके-२’ अर्जाद्वारे तिचे नाव कंपनी निबंधकाच्या नोंदवहीतून काढून घेता येते. त्यासाठी व्यावसायिक सल्ला घेणेच इष्ट.

मालकाच्या निधनामुळे व्यवसाय थांबला, तर अन्न परवाना वारसाच्या नावे करण्यासाठी ९० दिवसांत अर्ज करता येतो. पुढे चालवायचे नसेल, तर वारसाने स्वतः अर्ज करून जीएसटी व इतर नोंदण्या रद्द करून घ्याव्यात. मृताची देणी वारसाला मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेतच फेडावी लागतात. तथापि, दुखवट्याच्या काळात कोणाच्याही दडपणाखाली नवा धनादेश किंवा वचनचिठ्ठी लिहून देऊ नये. तसे केल्यास ते देणे वारसाचे वैयक्तिक होऊन बसते.

कामाचा क्रम

• दोन-तीन महिने आधी : देणी-घेण्यांच्या याद्या, बँक व लेखापालाशी चर्चा, जागामालकाला लेखी सूचना.
• एक महिना आधी : कामगारांना कल्पना, पुरवठादारांशी बोलणी, आगाऊ नोंदणी घेणे बंद.
• शेवटचा पंधरवडा : साठा कमी करणे, सामग्रीची विक्री, ग्राहकांच्या आगाऊ रकमा परत.
• बंद केल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत : कामगारांचे थकीत वेतन.
• ३० दिवसांत : ग्रॅच्युइटी, जीएसटी रद्द करण्याचा अर्ज, आस्थापना बंद झाल्याची सूचना, त्याच सुमारास अन्न परवाना, वीज, गॅस व व्यवसाय कर.
• तीन महिन्यांत : नियमित करदात्याचे जीएसटीचे अंतिम विवरणपत्र, अनामत रकमांची वसुली, सर्वांत शेवटी चालू खाते बंद.

कागद जपावेत

सर्व झाल्यावर उरते ते एक बासन. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके संबंधित वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षे ठेवावी लागतात. त्यांच्यासोबत परवाने परत केल्याच्या नोंदी, ताबा पावती, बँकेचा दाखला आणि कामगारांच्या सह्यांचे कागद एकत्र ठेवावेत. घरातील दुसऱ्या एखाद्या जबाबदार व्यक्तीला ते कोठे आहेत, हे माहीत असावे.

व्यवसाय बंद पडणे ही मालकाच्या लौकिकाला बट्टा लावणारी गोष्ट नव्हे. पावसाळा, महामारी, बदललेला रस्ता, पुढच्या पिढीची वेगळी आवड अशी त्याची कितीतरी कारणे असतात. बट्टा लागतो तो कामगाराचा पगार आणि दूधवाल्याची उधारी बुडवून रातोरात गाव सोडल्याने. पोहरादेवीसारख्या गावात दर रामनवमीला तेच भाविक, तेच व्यापारी आणि तेच आचारी पुन्हा येतात. ज्याने सर्वांचे हिशेब चुकते करून शटर ओढले, त्याला पुढच्या यात्रेत त्याच रस्त्यावर दुसरा धंदा थाटायचा झाला, तर किराणा पुन्हा वहीवर मिळतो.